लाईट दुधासारखी आली तेव्हा

लग्न होऊन मी देवळाली प्रवऱ्याजवळच्या वस्तीवर आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्या होत्या, आरसा होता आणि एक मीटर होता. मीटर म्हणजे विजेचा, काळ्या डबीतला, काट्याचा, लाल आणि काळी अशा दोन वायरी लोंबणारा. नगरला वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मला भाऊ नव्हता आणि वडिलांना एकट्याने काम करायचा कंटाळा, म्हणून शाळेतून आले की मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर. रेडिओच्या तारेला कथलाचा डाग द्यायला मी भाकरी थापायच्या आधी शिकले. आई करवादायची, सासरी काय रेडिओ शिजवून घालणार आहे का ही. वडील हसायचे आणि मला पुढचा रेडिओ उघडायला द्यायचे.

वस्तीवर आल्यावर ट्रंक उघडली ती आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. साड्या बाजूला सारून त्यांनी मीटर उचलला आणि उलटापालटा करून पाहिला.

"ह्यो काय जिन्नस?"

"आत्याबाई, ह्याने वीज मोजतात."

"मोजून काय करायचं? आमच्याकडं मोजन्याइतकी येतच न्हाई."

मला हसू आवरेना. नव्या नवरीने पदराआड हसायचं असतं, मी चांगली खदखदून हसले. आत्याबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मग त्याही हसल्या. तेव्हाच मला वाटलं, या बाईशी आपलं जमेल. जमलंही. भांडणं झाली, पण ती जमलेल्यांचीच.

मोजण्याइतकी येत नाही हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. चारी बाजूंनी ऊस, आणि प्रत्येक उसाला एक मोटर. मोटारी सुरू झाल्या की घरातल्या बल्बातली तार लाल अळीसारखी दिसायची, तिच्या उजेडात पिठातला खडा दिसत नसे. दिवेलागणीला बटण दाबलं की आत्याबाई भक्तिभावाने बल्बला हात जोडायच्या, डोळे मिटायच्या, आणि डोळे उघडून म्हणायच्या, "आता कंदील लावा."

आत्याबाई मूळच्या शेवगावकडच्या, कोरडवाहू मुलखातल्या. उंच, चटपटीत, आणि बोलायला कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. उसाच्या हंगामात तिकडच्या टोळ्या आमच्या शिवारात तोडीला आल्या की त्या बायकांशी बोलताना आत्याबाईंची बोली एकदम बदलायची, चेहराही बदलायचा. एका दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मी माझ्या आईच्या बोलण्याची नक्कल करत होते, त्या पोट धरून हसत होत्या. हसता हसता मध्येच म्हणाल्या, "माझी आई मी लहान असतानाच गेली. तोंड ध्यानात हाय माझ्या. कपाळावरलं गोंदन ध्यानात हाय. आवाज तेवढा न्हाई ग आठवत. लई आठवते, पर न्हाई येत." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.  मीही शेंगा फोडल्या.

तर ही गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या एका हिवाळ्यातली. रेडिओवाले आले. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी ते गावोगाव फिरून बोलणं टेप करत होते, आणि ग्रामसेवकाने त्यांना आमच्या मामंजींचं नाव सुचवलं होतं, कारण मामंजींच्या दावणीला दूध चांगलं होतं. विषय असा, की हंगामात उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना कसं घालावं. मामंजी फेटा बांधून खुर्चीवर बसले. समोर माईक धरला. आणि वस्तीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारणारा हा माणूस त्या माईकपुढे जो गप्प झाला, तो काही केल्या बोलेना.

"वाढं घालता ना तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"व्हय," मामंजी म्हणाले.

"कसं घालता?"

मामंजींनी बराच विचार केला. "पुढ्यात टाकतो," म्हणाले.

दाराआड आम्ही बायका एकमेकींना चिमटे काढत होतो. आत्याबाईंना मात्र हे सहन होईना. त्या पदर सावरत तडक बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "आवो सायेब, त्यांना काय इचारता, ते नुसते दूध पितात. घालते मी." पुढे जे सुटल्या ते थांबेचनात. नुसतं वाढं घालू नका, जनावराची हाडं ठिसूळ होतात, चुन्याची निवळी शिंपडा, कडबा मिसळा, गाभण गाईला हात आखडता ठेवा. साहेबांची टेप संपत आली तेव्हा कुठे त्या थांबल्या. मामंजी खुर्चीवर बसून मान डोलवत होते, जणू सगळं त्यांनीच सांगितलं.

काही दिवसांनी ग्रामसेवक सायकलवरून निरोप घेऊन आला. गुरुवारी दुपारी जेवणाच्या वेळेला आत्याबाई रेडिओवर लागणार. एकदाच लागणार, पुन्हा नाही.

झालं. वस्तीवर दुसरा विषय राहिला नाही. बायका मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या दारावरून जायच्या. आत्याबाई वरवर म्हणायच्या, त्यात काय एवढं; पण मी पाहिलं, त्यांनी काठाचं लुगडं पेटीतून काढून उन्हात टाकलं होतं. आणि एकदा गोठ्यात मला हळूच विचारलं, "का ग, त्यात आपलाच आवाज येतो का? का ती मानसं त्यांच्या आवाजात बोलत्यात?"

"तुमचाच येतो, आत्याबाई."

"मी माझा आवाज कधी ऐकला न्हाई," त्या म्हणाल्या, आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मंगळवारची संध्याकाळ. मी विहिरीवरून येत होते आणि लांबूनच मला आमचं घर दिसलं. घर कसलं, नुसता उजेड. खिडकीतून, दारातून, कौलांच्या फटींतून पांढरा उजेड सांडत होता. शेजारच्या घरातूनही. त्याच्या पलीकडच्याही. लाईट अशी दुधासारखी आलेली वस्तीने जन्मात पाहिली नव्हती. पोरं अंगणात नाचत होती. मामंजी पेपर डोळ्यांपुढे धरून बसले होते. त्यांना वाचायचं नव्हतं, वाचता येतंय हे बघायचं होतं. आत्याबाई बल्बपुढे हात जोडून उभ्या होत्या आणि आज त्यांनी कंदील लावायला सांगितलं नव्हतं.

 वडिलांच्या दुकानात मी अशा उजेडानंतरचे रेडिओ पाहिले होते. खांबावरची न्यूट्रलची तार सुटली की एका घराचा दाब दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो. कुणाकडे बल्ब विझत येतो आणि कुणाकडे असा फुलतो. मी हंडा तिथेच टेकवला आणि पळत सुटले.

"बंद करा. सगळं बंद करा. मेन स्विच पाडा."

कुणी हललं नाही. मामंजींनी पेपरावरून पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "खुळी का काय? आयुष्यात पयल्यांदा आली, अन् आल्या पावली घालवती व्हय?"

"आत्याबाई, ही चांगली नाही. जास्त आहे."

"जास्त कधी वाईट असती का?"

 ज्या माणसांनी दहा वर्षं लाल अळी पाहिली, त्यांना मी सांगत होते की उजेड जास्त झाला. आणि एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण लाईट एवढी फक्कड आली म्हटल्यावर जो तो म्हणाला, गुरुवारचा रेडिओ आत्ताच लावून बघू. आमच्या ह्यांनी आतल्या खोलीतला रेडिओ लावला. शेजारच्या चुलत सासऱ्यांनी त्यांचा लावला. वस्तीवर एकच ट्रान्झिस्टर होता, त्याच्या मालकाने सेल वाचवायला बाजारातून एलिमिनेटर, म्हणजे ट्रान्झिस्टर विजेवर चालवायची डबी, आणली होती, त्याने तीही जोडली. मी स्विचपर्यंत पोचले तोवर आमच्या रेडिओने एकदा घर्र केलं, आतून मेण आणि लाख जळाल्याचा वास आला, आणि मागच्या जाळीतून धुराची बारीक शेंडी निघाली. मग एकामागून एक बल्ब फुटले. वस्ती मिट्ट काळोखात बुडाली. पोरं तेवढी टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला, खांबावर चढला, आणि खाली उतरून मी म्हणाले तेच म्हणाला. न्यूट्रलचा क्लॅम्प ढिला होऊन तार निसटली होती. त्याने ती आवळली. पण रेडिओ मेले ते मेले.

ह्यांनी आत्याबाईंना सुचवलं, उद्या गाडी जुंपतो, देवळालीत हॉटेलात रेडिओ असतो, तिथे ऐकू. आत्याबाईंनी नाक मुरडलं. "बाप्यांच्यात बसून, चहाच्या कपबशा वाजत असताना मी माझा आवाज ऐकू? अन् कुनाच्या घरी जाऊन म्हनू, बाई, तुमच्या रेडिओत माझा आवाज हाय, जरा ऐकू द्या? मला न्हाई जमायचं." आणि वर म्हणाल्या, "जाऊ द्या. रोजच बोलते की मी. माझा आवाज मला काय नवा हाय?"

हे त्यांनी इतकं चटकन म्हटलं की बाकीच्यांना खरं वाटलं. मला नाही वाटलं. मी पाहिलं, उन्हात टाकलेलं लुगडं त्यांनी घडी घालून परत पेटीत ठेवलं. ती घडी नीट बसत नव्हती आणि त्या पुन्हा पुन्हा मोडून घालत होत्या. मला इतका राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. त्या तारेचा, त्या क्लॅम्पचा, असाच कुणाचा तरी. मी खोलीत गेले आणि ट्रंकेतून मीटर काढला.

"वस्तीवर जेवढे रेडिओ आहेत तेवढे आणून द्या," मी ह्यांना म्हणाले.

"जळके?"

"जळकेच. मेलेले, कुजलेले, कसलेही."

ओट्यावर गोणपाट अंथरलं आणि त्यावर माझे रोगी मांडले. आमचा रेडिओ, चुलत सासऱ्यांचा रेडिओ आणि तो ट्रान्झिस्टर. आणि आणखी एक रेडिओ कडेच्या घरातल्या म्हातारीने पाठवला, तो वर्षभरापूर्वीच बंद पडला होता. उंदराने त्याच्या स्पीकरचा कागद खाल्ला होता, तेव्हापासून म्हातारीने त्यावर देवांचे फोटो मांडले होते. देव खाली उतरवून तो आला. सगळे हसले, म्हणाले, ह्याचा काय उपयोग.

वडिलांची शिस्त होती: आधी नाक, मग डोळे, मग मीटर. आणि मीटर बोलल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही. जळक्या रेडिओत चांगला व्हॉल्व, म्हणजे आतली काचेची नळी, घातला आणि तो कशाने जळला हे पाहिलं नाही, तर तोही जळतो आणि माणूस दोनदा मूर्ख ठरतो.

ट्रान्झिस्टर पहिल्यांदा उघडला. एलिमिनेटर आरपार गेला होता आणि नाजूक पोरगं ते, आतलं काही शिल्लक नव्हतं. तो मी बाजूला ठेवला.

मग आमचा रेडिओ. नाक लावलं तर वास सगळा एका कोपऱ्यात. त्याचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे घरची वीज घेऊन आतल्या मंडळींना सोसेल तशी वाटून देणारा, तो कोळसा झाला होता. वीज वाटून आल्यावर ती एका बाजूने वाहती करणारा व्हॉल्व असतो, त्याच्या काचेच्या टोकावरचा चंदेरी डाग पांढराफटक पडला होता. चंदेरी पांढरा झाला की समजायचं, काचेला तडा गेला आणि आत हवा शिरली. तो गेला. पण पुढचे व्हॉल्व? एकेकाच्या पायांना मीटर लावला. काटा उठला. दुसऱ्याला लावला, उठला. तिसरा, चौथा, उठले. मी एकटीच हसायला लागले. ट्रान्सफॉर्मर इतक्या तातडीने जळला होता की झळ पुढे पोचलीच नव्हती.

"काय झालं ग?" मामंजींनी विचारलं.

"मामंजी, आपल्या रेडिओतला एक माणूस दारातच मेला, म्हणून घरातले वाचले."

आता चुलत सासऱ्यांचा रेडिओ. मागचं झाकण काढलं आणि मी कपाळाला हात लावला. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार, पिळून पिळून बसवलेली.

"मामा, ही कुणी घातली?"

चुलत सासरे अभिमानाने म्हणाले, "मीच. ती फूज का काय, ती बारीक हुती, सारखी जायाची. ही बघ, कधी जायाची न्हाई."

ती खरंच गेली नव्हती. ती जागची हलली नव्हती आणि तिच्यामागचे सगळे व्हॉल्व गेले होते. एकाच्याही पायाला काटा उठेना. पण ट्रान्सफॉर्मर? तो चांगला दणकट, जुन्या घडणीचा. मीटर लावला, सगळी वेटोळी शाबूत. आमच्याकडे माणसं होती आणि वाढपी नव्हता, त्यांच्याकडे वाढपी होता आणि माणसं नव्हती. नशिबाने सगळ्यांची जात जवळपास एकच.

राहिला तो एक व्हॉल्व, वीज वाहती करणारा, जो दोघांचाही गेला होता. मी म्हातारीच्या रेडिओकडे वळले. तो बंद होता म्हणून काल कुणी लावलाच नव्हता. देवांच्या फोटोंखाली तो निवांत बसला होता आणि जगाचा उजेड फुलला तरी त्याला पत्ता नव्हता. त्याचा व्हॉल्व काढला, पदराने धूळ पुसली, तर टोकावरचा डाग आरशासारखा लखलखीत. म्हातारी म्हणाली, "देवानं राखला." मी म्हटलं, "उंदराने राखला, आजी." ती रागावली नाही, उलट ओट्यावरच पाय पसरून बसली.

बुधवारचा उरलेला दिवस मी चुलत सासऱ्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि म्हातारीचा व्हॉल्व आमच्या रेडिओत बसवून डाग देण्यात घालवला. सोल्डरिंगची कांडी विजेची नव्हती, तांब्याची, चुलीच्या निखाऱ्यात तापवायची. एका बाजूला आमटी आणि एका बाजूला कांडी. आत्याबाई काही विचारत नव्हत्या. पण कांडी थंड झाली की ती निखाऱ्यात कोण सरकवत होतं ते मला दिसत होतं.

गुरुवारी सकाळी सगळी वस्ती ओट्यासमोर. मी मंगळवारी वाचलेला एक बल्ब घेतला आणि त्याची तार रेडिओच्या तारेत मध्येच जोडली, म्हणजे वीज आधी बल्बातून जाईल आणि मग रेडिओत. दुकानातली पद्धत. रेडिओत कुठे वाट फुटली असेल तर बल्ब भकदिशी लागतो आणि रेडिओ वाचतो. रेडिओ ठीक असेल तर बल्ब मंद राहतो. हे मी कुणाला सांगितलं नाही, तिथेच चुकले.

प्लग घातला. बल्ब लखकन पेटला.

वस्तीने एकच जल्लोष केला. कुणी टाळ्या पिटल्या. चुलत सासरे म्हणाले, "लागला रं लागला." आणि मी झडप घालून प्लग उपटला. सगळे माझ्याकडे बघत राहिले, मंगळवारी बघितलं होतं तसेच.

"पेटला व्हता की," ह्यांनी कानाशी येऊन म्हटलं.

"तेच वाईट," मी म्हणाले.

कुठे वाट फुटली ते शोधायला लागले. मीटरचा काटा धरून मागे मागे सरकत गेले, आणि सापडला: आमच्याच रेडिओतला मोठा कंडेन्सर, विजेचे हेलकावे पोटात घेऊन ती संथ करणारा. वरून साळसूद दिसत होता. उलटा केला तर बूड फुगलेलं आणि कडेला चिकट पाणी सुटलेलं. नाक आणि डोळे दोन्ही असताना मी काल त्याचं बूड पाहिलं नव्हतं. बल्ब मध्ये नसता तर म्हातारीचा व्हॉल्व त्या क्षणी गेला असता आणि त्याच्याबरोबर आत्याबाईंचा गुरुवार.  पण मग हसू आलं, कारण दुसरा कंडेन्सर कुठे होता? उंदराच्या रेडिओत.

तो बसवला. पुन्हा प्लग घातला. बल्ब क्षणभर उजळला आणि हळूहळू मंद होत होत लाल अळी झाला.

"गेला," कुणीतरी म्हणालं. मागच्या बायका हळहळल्या. मामंजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला. आणि मी ओट्यावर बसून हसत होते. आयुष्यात लाल अळी बघून मी इतकी कधी सुखावले नाही.

"आत्याबाई," मी म्हणाले, "हाच उजेड पाहिजे होता."

बल्ब काढून तार सरळ जोडली. व्हॉल्व तापले. आवाजाच्या बटणामागच्या खिळीला पेचकसाचं टोक टेकवलं तर स्पीकर म्हणाला, हूं. मागचं सगळं जिवंत होतं. काटा फिरवला. खरखर, खरखर, आणि मग कुणीतरी पुरुष बाजारभाव सांगत होता. लांबून, पण सांगत होता. आत्याबाई उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या काठाचं लुगडं नेसून.

आणि कार्यक्रमाची वेळ जवळ आली तसा बाजारभाववाला बुडायला लागला. त्याचा आवाज विहिरीत उतरत गेला आणि बंद पडला. मी काय बिघडलं म्हणून मीटर लावला तर बिघडलं काहीच नव्हतं. वीज खाली गेली होती. दुपारच्या पाण्याच्या पाळीला चारी बाजूंच्या मोटारी सुरू झाल्या होत्या. इतकी थोडी वीज पिऊन रेडिओ बोलेना.

"मोटारी बंद झाल्या तर वाजेल," मी म्हणाले. "थोडा वेळ. आत्याबाईंचं होईपर्यंत."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. उसात पाणी चालू होतं, बारे धरलेले होते, अशा वेळी मोटर कोण बंद करतो? आत्याबाई मान खाली घालून लुगड्याचा काठ चाचपत बसल्या.

तेव्हा मामंजी उठले. फेटा पुन्हा डोक्यावर चढवला. ओट्याच्या कडेला गेले, दोन्ही हात तोंडाला लावले आणि हाक दिली. माईकपुढे दोन शब्दांवर न गेलेले मामंजी. ती हाक उसावरून गेली, पाटावरून गेली.

"मोटारी बंद करा रं. आमची मालकीन बोलायची हाय."

एक मोटर थांबली. मग लांबची दुसरी. उसात कुणीतरी ती हाक पुढच्या शिवारात दिली, तिथून कुणी त्याच्या पुढे. मोटारींची घरघर कमी कमी होत गेली. रोज कानावर असलेला आवाज थांबल्यावर शिवार किती शांत झालं ते मला अजून आठवतं. आणि त्या शांततेत रेडिओ विहिरीतून वर आला. बासरी वाजली. एक बाई म्हणाली, आता ऐका.

मग आवाज आला. "आवो सायेब, त्यांना काय इचारता, ते नुसते दूध पितात. घालते मी."

त्यांनी ते वाक्य काढलं नव्हतं. सगळी वस्ती हसत सुटली. मामंजी तर डोळे पुसून पुसून हसले. चुन्याची निवळी आली, कडबा आला, गाभण गाय आली. बायका एकमेकींना ढोसत होत्या, हुबेहूब म्हणत होत्या, जणू दुसरी कुणी आत्याबाईंची नक्कल करतेय.

आत्याबाई तेवढ्या हसत नव्हत्या. कपाळाला आठी घालून त्या रेडिओकडे बघत होत्या.

"माझं कधी लागायचं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"आत्याबाई, हेच तुमचं. तुम्हीच बोलताय."

"छट. माझा आवाज असा न्हाई. ही कोन हाय?" आणि त्या पुढे सरकल्या, स्पीकरच्या जाळीला कान लावला. आत कुणी सांगत होतं, गाभण गाईला हात आखडता ठेवा, माय, तिच्या पोटात दुसरा जीव असतो. मी आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळावरची आठी हळूहळू सुटली. तोंड उघडं राहिलं. वळून त्यांनी माझा हात पकडला, इतका घट्ट की बांगडी मनगटात रुतली.

"अग," त्या म्हणाल्या, "ही तर माझी आई बोलती."

 मी आवाज तेवढा थोडा मोठा केला.

बोलणं संपलं, बासरी वाजली, आणि पहिली मोटर सुरू झाली. मग दुसरी. रेडिओ हळूहळू बुडाला. माणसं पांगली, म्हातारी म्हणाली, माझा रेडिओ दे, देव खाली बसलेत. आत्याबाई मात्र बंद रेडिओच्या जाळीला कान लावून कितीतरी वेळ बसल्या होत्या, आणि हसत होत्या.

त्यानंतर त्यांना एक सवय लागली. गोठ्यात एकट्या असल्या की मोठ्याने बोलायच्या, म्हशीशी, वासराशी, भिंतीशी. एकदा मी विचारलं, आत्याबाई, कुणाशी बोलता? त्या म्हणाल्या, "बोलत न्हाई ग. ऐकते." त्या गोठ्यात असल्या की मी भाकरी थापायची थांबायची, तव्याचा, परातीचा आवाज होऊ द्यायची नाही, म्हणजे त्यांना नीट ऐकू यावं.